बाबांना उचलण्याची योग्य पद्धत

बाबा पडले नव्हते, असं त्यांचं आजही म्हणणं आहे. ते बाथरूमच्या फरशीवर बसले होते आणि त्यांना फक्त उठता येत नव्हतं. मी त्यांच्या काखेत हात घालून ओढलं, तेव्हा ते जिथल्या तिथे राहिले आणि माझ्या मानेत काहीतरी कट्कन वाजलं. बायकोने पाय धरले, तर बाबा वर येण्याऐवजी आडवे व्हायला लागले, म्हणून तिने ते सोडून दिले. शेवटी शेजाऱ्यांना बोलवावं लागलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आले, शेजारचे विमा एजंट आले, खालचे सोसायटीचे सेक्रेटरी आले, आणि सेक्रेटरींच्या घरी पाण्याचा फिल्टर बसवायला आलेला माणूसही त्यांच्या मागोमाग वर आला. एवढी माणसं आमच्या बाथरूममध्ये यापूर्वी कधी आली नव्हती आणि आली तेव्हा मावत नव्हती.

बाबांनी उभा जन्म मालधक्क्यावर सुपरवायझर म्हणून काढला. पेट्या कशा उचलाव्यात हे दुसऱ्यांना ओरडून सांगायचं, हेच त्यांचं काम. स्वतः त्यांनी एकही पेटी उचलली नाही, तसं करणं त्यांच्या हुद्द्यात बसत नव्हतं. त्यामुळे कमरेला टॉवेल गुंडाळून बसलेले असतानाही त्यांनी कामाचा ताबा घेतला. कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका, एजंट तुम्ही डावीकडून या, अशा सूचना देत देत ते पलंगापर्यंत पोचले. तिथे पोचल्यावर त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, भिंतीकडे तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. मला ते बघवलं नाही.

बातमी ताईपर्यंत पोचायला जेवणाची वेळसुद्धा उलटली नाही. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या इमारतीला लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत, मदतनीस ठेवायची ऐपत आहे आणि निर्णय घ्यायची लहानपणापासूनची सवय आहे. तिने फोनवर सांगितलं, "पुन्हा एकदा शेजारी बोलवावे लागले ना, तर मी बाबांना घेऊन जाणार. मग मला कुणी काही सांगायचं नाही." यात तिचं चुकलं असं मला म्हणता येईना, आणि बरोबर आहे असंही म्हणवेना.

मी बाबांना विचारलं. ते नेहमीप्रमाणे खिडकीत बसले होते. आमच्या खिडकीखाली एक वखार आहे आणि तिथे दिवसभर टेम्पो भरतात. भरणाऱ्यांच्या चुका काढण्यात बाबांचा दिवस जातो. त्यांनी खालचा टेम्पो भरून होऊ दिला. मग म्हणाले, "तिच्याकडे सगळं आहे रे. पण तिच्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसतं. आभाळाला काय सांगणार?"

तेव्हा मी ठरवलं, की बाबांना एकट्याने उचलता येईल इतकी ताकद कमवायची. पन्नाशी उलटलेल्या, आयुष्यात फायलीपेक्षा जड काही न उचललेल्या माणसाने असं काही ठरवू नये. पण ठरवलं खरं.

हे मी फक्त बायकोला सांगितलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते जिन्यात सगळ्यांना माहीत होतं. इंजिनिअरांनी छताला कप्पी बसवण्याचा आराखडा आणून दाखवला. त्यात बाबांच्या जागी एक बाण होता. विमा एजंटांनी व्यायामाची गरज नाही, फक्त माझी पॉलिसी जुनी झाली आहे, असं मत दिलं. सेक्रेटरींनी सांगितलं, की सोसायटीच्या नियमांत सदस्याला उचलण्याबद्दल काही नाही, पण सामानाबद्दल आहे. सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. माझ्या वयात हे झेपायचं नाही, असं प्रत्येकाने वेगवेगळ्या पायरीवर थांबवून मला सांगितलं.

कोपऱ्यावरच्या जिममध्ये गेलो, तर तिथे पन्नाशीच्या पुढच्या माणसाला डॉक्टरचा दाखला लागतो असं कळलं. आमच्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. मी धापा टाकत आत गेलो, त्याबरोबर ते म्हणाले, की अशा अवस्थेत तुम्ही व्यायामाला योग्य आहात असं मी कसं लिहू? आधी व्यायाम करा, दम वाढवा, मग दाखला देतो. मी म्हटलं, दाखल्याशिवाय व्यायाम करू देत नाहीत. ते म्हणाले, तो तुमचा आणि त्यांचा प्रश्न आहे. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे हा युक्तिवाद मला ओळखीचा होता आणि त्यावर उपायही माहीत होता. मी तिथेच बसून राहिलो. दवाखाना बंद करायच्या वेळी त्यांनी कंटाळून लिहून दिलं, "यांना व्यायाम करण्यास हरकत नाही. मात्र श्रम टाळावेत."

ही जिम एका नवरा-बायकोची आहे. सर आणि मॅडम. दोघंही व्यायामातले जाणकार आहेत आणि एकमेकांचा व्यायाम दोघांनाही मान्य नाही. त्यामुळे हॉलची वाटणी झाली आहे. दारापासून आरशापर्यंत सरांची मशिनं आहेत. प्रत्येक मशीन एकाच स्नायूसाठी. बसायचं, पट्टा लावायचा आणि तेवढा एक स्नायू हलवायचा, बाकीच्या शरीराने आराम करायचा. आरशापलीकडे मॅडमचा रबरी चटयांचा भाग. तिथे बसायला काही नाही. लोखंडी दांडे, त्यांना लावायच्या चकत्या, आणि जमिनीवरून काहीतरी उचलून उभी राहणारी माणसं. सर आणि मॅडम कामाच्या वेळी एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मध्ये असेल त्या गिऱ्हाइकाकडून निरोप पाठवतात. पहिल्याच दिवशी ते गिऱ्हाईक मी होतो. "त्यांना सांगा, या वयात दांडा दिला तर गुडघे जातील," असा निरोप मी आरशापलीकडे नेला. "त्यांना सांगा, खुर्चीतून उठायला गुडघेच लागतात," असं उत्तर घेऊन परत आलो. दोन्ही भाग फिरून होईपर्यंत माझा व्यायाम झाला होता. संध्याकाळी मात्र दोघं एकाच स्कूटरवरून घरी जाताना दिसले. घरात कसं भागवतात, कुणास ठाऊक.

मी सरांची मशिनं निवडली. याला कारण माझी नोकरी. मी पाणीपुरवठा कार्यालयात आहे. आमच्याकडे प्रत्येक कामाला वेगळं टेबल आहे. पाइप एका टेबलावर, मीटर दुसऱ्या, दाब तिसऱ्या, आणि आवक-जावक माझ्याकडे. कुणी कुणाच्या टेबलात ढवळाढवळ करत नाही, त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांत आमच्याकडे भांडण झालेलं नाही. सरांची पद्धत मला पाहताक्षणी पटली. दंडाचं टेबल वेगळं, पोटरीचं वेगळं, मांडीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला स्वतंत्र अधिकारी. आयुष्यात प्रथमच माझं शरीर मला समजेल अशा रीतीने चाललेलं होतं.

आणि फरक पडला, हे मान्य केलं पाहिजे. माझ्या दंडावर एक लहानसा उंचवटा आला. मी अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालायला लागलो. ऑफिसात मी उगाचच वरच्या फळीवरच्या फायली काढून देऊ लागलो. मीटरच्या टेबलावरच्या बाई एकदा म्हणाल्या, की तुमच्या हाताला काही चावलंय का, सूज दिसते. मी त्यांच्याशी दोन दिवस फक्त कामापुरतं बोललो.

परीक्षेचा दिवस मीच ठरवला. आमचा सोफा जुना आहे. त्यात बसलेला माणूस हळूहळू आत जातो आणि बाबा तर अगदी तळाला लागतात. मी त्यांना म्हटलं, तुम्ही उठू नका, मी उचलतो. त्यांनी नाखुशीने हात वर केले. मी समोर उभा राहिलो, काखेत हात घातले, दंड आवळला. दंडाने आपलं काम चोख केलं. खांद्यानेही केलं. सगळ्या टेबलांनी आपापलं काम केलं. बाबांचे हात वर गेले, शर्ट वर गेला, बनियन वर गेलं. बाबा तिथेच होते.

"शर्ट उचललास," शर्टाच्या आतून आवाज आला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस हसत नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. मी सोफ्याच्या हातावर बसून राहिलो. आमच्या कार्यालयात एकूण एक टेबल नीट चालतं आणि तरी लोकांच्या नळाला पाणी येत नाही, कारण पाणी येत नाही ही गोष्ट कुठल्याच टेबलाकडे नाही. इतकी वर्षं अर्जदार काउंटरवर हेच ओरडून सांगत होते आणि मी त्यांना पुढच्या टेबलाकडे पाठवत होतो. आता ते माझ्या अंगाशी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आरशापलीकडे गेलो. दहा पावलांचं अंतर, पण सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला घर सोडून जात असल्यासारखं वाटलं. त्यांनी कुणाकरवी तरी माझा टॉवेल मागे पाठवून दिला. मॅडमनी स्वागत वगैरे केलं नाही. काय उचलायचंय, एवढंच विचारलं. मी म्हटलं, वडील. त्यांनी मान डोलावली आणि मला रिकामा दांडा दिला.

नुसता दांडा. त्याला एकही चकती नाही. शेजारी एक आजी, खऱ्याखुऱ्या आजी, चष्म्याला दोरी लावलेल्या, माझ्या दुप्पट वजन उचलून मधूनमधून सुनेशी फोनवर बोलत होत्या. मॅडमचं शास्त्र थोडक्यात असं होतं. वस्तू अंगाजवळ घ्या. पाठ सरळ ठेवा. कुल्ले मागे न्या, गुडघ्यात वाका, मग पायांनी जमीन खाली ढकला आणि उभे राहा. हातांनी ओढायचं नाही, हात फक्त धरायला. पाय, कंबर, पाठ, पोट, सगळं एकाच वेळी कामाला लागलं पाहिजे. मला एकाच वेळी सगळ्यांनी काम करण्याची सवय नव्हती. पाय उठायचे तेव्हा पाठ बसलेली असायची, पाठ उठली की पोट सुटायचं. आठवडे गेले. जिने चढताना मी कठडा धरायचो, उतरताना भिंत. खुर्चीत बसताना माझ्या तोंडून जो आवाज निघायचा, तो ऐकून बाबा आतून विचारायचे, कोण आलंय?

घरी मी हे सगळं बाबांना सांगायचो. ते टेम्पोकडे बघत ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, की हे मी तीस वर्षं फुकट ओरडत होतो, तू त्याची फी भरतोस.

दांडा जमायला लागल्यावर मॅडम म्हणाल्या, "दांड्याला धरायला जागा आहे. तुमच्या वडिलांना नाही. माणूस घरंगळतो. तसलं काहीतरी घरी करून त्यावर हात बसवा." मग आम्ही माणूस बनवला. वाळूच्या पिशव्या मी खांद्यावरून वर आणल्या. जिन्यात सेक्रेटरींनी बांधकामाची परवानगी आहे का म्हणून विचारलं. बायकोने जुन्या गादीचं कापड शिवून धड केलं, बाबांच्या पँटीत कापूस आणि वाळू भरून पाय केले. वरून घालायला बाबांनी एक कोरा जांभळा शर्ट काढून दिला. तो ताईने त्यांच्या वाढदिवसाला पाठवला होता. त्यांना तो रंग सोसत नव्हता, आणि ताईला तसं सांगायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती. बाबा त्या पुतळ्याला 'पाहुणे' म्हणू लागले. "पाहुण्यांना आज उचललं का?" असं ते रोज विचारायचे. बाथरूमच्या प्रसंगानंतर प्रथमच त्यांना रोज आवर्जून काही विचारावंसं वाटत होतं, म्हणून मीही न चुकता उचलत होतो.

पाहुणे सुरुवातीला फार वेळा हातातून सुटले. सेक्रेटरींचं छत म्हणजे आमची जमीन, त्यामुळे फलकावर सूचना लागली, की सदस्यांनी घरात अवजड वस्तू आपटू नयेत. खाली कुणीतरी पेन्सिलीने "व नातेवाईक" असं लिहिलं. मी ती सूचना रोज येता-जाता वाचायचो आणि न वाचल्यासारखं करायचो.

खरा घात रविवारी झाला. समोरच्या इमारतीत एक गायनशिक्षिका राहतात. त्यांची बाल्कनी आमच्या खिडकीसमोर आहे. ताईने कधीतरी त्यांना आपला नंबर देऊन ठेवला होता, काही वेगळं वाटलं तर कळवा म्हणून. त्या सकाळी त्यांना जे दिसलं ते असं. जांभळा शर्ट घातलेल्या, तोंड न दिसणाऱ्या वृद्ध गृहस्थांना त्यांच्या मुलाने छातीशी धरून उचललं. मग धाडकन जमिनीवर टाकलं. मग तो शांतपणे पाणी प्यायला. मग गृहस्थांचा एक पाय धरून त्यांना फरफटत नेलं आणि पलंगाखाली सरकवून दिलं.

थोड्या वेळाने भावजींचा फोन आला. ते फक्त म्हणाले, "ती निघालीय. बरोबर मोठी बॅग घेतलीय. मी काहीही बोललेलो नाही," आणि फोन ठेवला.

घरात एकच धांदल उडाली. ताईला खालीच गाठून चार शब्द सांगावेत म्हणून बायको जिना उतरली. मी पाहुण्यांनी सांडलेली वाळू झाडायला घेतली. बाबांनी कपाट उघडलं. ताईसमोर आपण ठणठणीत दिसलो पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि ठणठणीत दिसायचं तर तिने दिलेला शर्टच घालायला हवा, असंही. तो शर्ट पलंगाखाली पाहुण्यांच्या अंगात होता. मला हाक मारली असती तर काढून दिला असता. पण त्यांनी हाक मारली नाही. ते स्वतः वाकले.

मी गेलो तेव्हा बाबा पलंगाशेजारी जमिनीवर बसले होते. एका हातात जांभळी बाही होती, तिच्या मागे अर्धे बाहेर आलेले पाहुणे. बाबांना लागलं नव्हतं. पण त्यांचा चेहरा त्या दिवशी बाथरूममध्ये होता तसाच झाला होता. खाली फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. बाबांनी तो ऐकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एजंटांना बोलव. ती यायच्या आत."

"नाही बोलवत," मी म्हटलं.

मी गुडघ्यावर बसलो. त्यांच्या पाठीमागून हात घेतले आणि थांबलो. पाहुण्यांना मी घट्ट धरायचो. बाबांना असं कधी धरलं नव्हतं. आम्ही दोघं मिठ्या मारणाऱ्यांतले नाही. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी हात मिळवला होता, आणि तेवढ्यानेच आम्हाला दोघांना अवघडल्यासारखं झालं होतं.

बाबांना ते कळलं असावं. ते हळूच म्हणाले, "लाजू नको. पाहुण्यांना धरतोस तसं धर."

मी त्यांना छातीशी ओढून घेतलं. त्यांनी माझ्या मानेभोवती हात टाकले. त्यांच्या हनुवटीचे खुंट माझ्या कानाला लागत होते. ते कानात पुटपुटत होते, गुडघे, गुडघे, पाठ सरळ. मी पाय रोवले, जमीन खाली ढकलली. सगळी टेबलं एकाच वेळी उठली. आणि बाबा वर आले. शर्टासकट, बनियनसकट, सगळेच्या सगळे बाबा वर आले आणि आपल्या पायांवर उभे राहिले.

आम्ही तसेच उभे होतो. सोडायला हवं होतं. मी हात सैल करायला गेलो तर ते म्हणाले, "थांब जरा. तोल सावरू दे." त्यांचा तोल केव्हाच सावरला होता, मला ते पायांवरून समजत होतं. मी हात तसेच ठेवले. फार थकलो होतो, आणि बरं वाटत होतं, आणि डोळ्यांत का कोण जाणे पाणी येत होतं. वाळूची धूळ होती बरीच.

मग मी एक चूक केली. डोळे पुसायला म्हणून जरासा कमरेतून वळलो. वळायचं नसतं, हे मॅडमनी सांगितलेलं होतं. कमरेत लचक भरली ती अशी, की मला पुढे जाता येईना, मागे येता येईना, सरळही होता येईना. मी बाबांच्या खांद्यावर डोकं टाकलं. त्यांनी पाय थोडे फाकवले आणि माझा भार घेतला.

त्याच वेळी दार उघडलं. पुढे ताई, मागे बॅग घेतलेली बायको, तिच्या मागे धापा टाकत आलेले एजंट, इंजिनिअर आणि सेक्रेटरी. ताईने आमच्याकडे पाहिलं. मग पलंगाखालून अर्धवट बाहेर आलेल्या, आपण दिलेला शर्ट घातलेल्या, डोकं नसलेल्या गृहस्थांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोण पडलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, मी तुम्हाला न्यायला आलेय."

"ते दिसतंय बॅगेवरून," बाबा म्हणाले. त्यांनी मला जरा सावरून धरलं. "पण ह्याची कंबर धरलीय. आता ह्याला कोण उचलणार? तुझ्या भावजयीला पायाकडून धरायची सवय आहे."

शेजारी दारात उभे होते, पण बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांना बोलवावं लागलेलं नव्हतं. ताई आमच्याकडे बघत राहिली. तिचा ओठ एकदा थरथरला. मी लहानपणी सायकलवरून पडलो होतो, तेव्हा मला घरी आणताना थरथरला होता तसाच. मग तिने बायकोच्या हातातली बॅग घेऊन भिंतीशी ठेवली आणि ती माझ्या दुसऱ्या बाजूला आली.

"कुठून धरू?" तिने विचारलं.

"काखेतून घे," बाबा म्हणाले. "आणि कमरेत वाकू नको."

ताई आयुष्यात प्रथमच कुणाचं ऐकून गुडघ्यात वाकली.